आधी ड्रॉईंग, मग घण!

एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवायला लागलो की "तू कोण मोठा लागून गेलास?" असं तुम्हाला विचारावं लागणार नाही. माझ्या आजोळच्या देवळाचा जुना लाकडी सभामंडप पाडून तिथे आरसीसीचा हॉल बांधला गेला. त्या हॉलचं ड्रॉईंग मी काढलं होतं.

आजोळ चाकणच्या पुढे, खेड तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मामा हा अंक वाचतात! मी तेव्हा सेकंड इयरला होतो. बिल्डिंग ड्रॉईंगचं सबमिशन नुकतंच झालं होतं आणि आपण आता अर्धे इंजिनिअर झालोच, असा माझा समज होता. गावात जीर्णोद्धाराची मीटिंग झाली, वर्गणी ठरली आणि मामा म्हणाले, "तू सिव्हिलचा ना? मग काढ की नकाशा. बाहेरच्याला कशाला पैसे द्यायचे?" झालं! रूम पार्टनरच्या कॉम्प्युटरवर दोन रात्री जागून सहा कॉलम, वर स्लॅब, खाली ग्रॅनाईट, दर्शनी भिंतीला टाईल्स असं सगळं झकास काढून दिलं. कलशारोहणाच्या दिवशी अख्ख्या गावासमोर मला शाल-श्रीफळ मिळालं. ती शाल अजून हॉस्टेलवर आहे, थंडीत उपयोगी पडते.

दोन पावसाळे गेले. दगडी गाभारा आणि नवा स्लॅब जिथे एकमेकांना भिडतात तिथून पाणी गळायला लागलं. डांबर ओतून झालं, वॉटरप्रूफिंग करून झालं, पाणी आपलं येतंच आहे. गाभाऱ्याच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला होता, त्याला लोणा लागून पापुद्रे सुटायला लागले. मला त्याचं कारण थर्ड इयरला कळलं. गाभारा कित्येक वर्षं आपल्या जोत्यावर बसून स्थिर झालेला. माझे कॉलम नव्या फूटिंगवर, ते आपल्या गतीने नंतर बसणार. दोघांच्या मध्ये सांधा मोकळा ठेवायला हवा होता, मी तो पक्का जोडला होता. गिलाव्याचं म्हणाल तर जुनी भिंत चुन्यातली. चुना ओल आत घेतो तशी बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंटचा थर चढवला की ओलीला बाहेर पडायला जागा उरत नाही. ती भिंतीतच फिरते, बरोबर क्षार घेते आणि जिथे फट मिळेल तिथून पृष्ठभाग पोखरत बाहेर येते.

पण खरी लाज मला गळतीची वाटत नाही. गळती काय, आज ना उद्या होईल बंद. जुन्या मंडपाचं ड्रॉईंग कोणाकडेच नाही, याची वाटते. मी स्वतः टेप घेऊन ती जागा मोजली होती, पण मोजली ती रिकामा प्लॉट समजून. लांबी, रुंदी, संपलं! खांब किती होते? मामा म्हणतात आठ, आजी म्हणते दहा. तुळयांचे जोड कसे होते, खांबांखालचे तळखडे कोरीव होते की साधे, कडीपाटाला किती कड्या होत्या... काही म्हणजे काही नाही. कोणाच्या तरी लग्नातल्या एका फोटोत नवरा-नवरीच्या मागे दीड खांब दिसतो. तेवढंच आमचं रेकॉर्ड.

आता हे सगळं आठवायचं कारण माझा रूम पार्टनर. तो मेकॅनिकलचा. सुट्टीत चाकणला एका व्हेंडरकडे इन-प्लांट ट्रेनिंगला होता. एक दिवस रात्री मेसवरून येताना कुरकुर करत होता. कसल्याशा ब्रॅकेटच्या कोपऱ्याची त्रिज्या दोन मिलिमीटरची तीन करायची होती, त्यासाठी केवढा कागद! डिझाईनवाल्यांची सही, क्वालिटीवाल्यांची सही, शेवटी कस्टमरची सही. त्याला म्हणतात इंजिनिअरिंग चेंज नोट. आत्ता काय आहे, काय करायचं आहे, का करायचं आहे, त्यामुळे दुसऱ्या कशाला धक्का लागतो, सगळं लिहून द्यायचं. मंजूर झालं की ड्रॉईंगच्या कोपऱ्यातल्या रिव्हिजन टेबलमध्ये एक ओळ वाढते. आणि गंमत म्हणजे जुनं ड्रॉईंग फाडत नाहीत. त्यावर शिक्का मारून ठेवून देतात, कारण उद्या तक्रार आली तर मागे जाऊन बघता आलं पाहिजे.

मी त्याला म्हटलं, अरे, पाच-दहा रुपयांच्या ब्रॅकेटला एवढा मान! आणि आमच्या देवळाला?

नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात हजारो कारखाने आहेत आणि त्यातल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात लेखी मंजुरीशिवाय साधा बोल्ट बदलत नाही. त्याच पट्ट्यात गावठाणांतून जुने वाडे आहेत, देवळं आहेत, घाट आहेत. तिथे मात्र एका संध्याकाळी ठरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घण पडतो. यातली कुठली पद्धत मागासलेली म्हणायची?

वारसा समिती नावाची जी गोष्ट आपण पेपरात वाचतो, ती करते ते काम साधारण या चेंज नोटसारखंच असतं. पण तिचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. जुन्या वास्तूंचं संरक्षण आपल्याकडे तीन पातळ्यांवर होतं. कार्ले-भाजे लेण्यांसारखी राष्ट्रीय महत्त्वाची ठिकाणं केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. राज्याचा वेगळा कायदा १९६० चा, त्याखालची स्मारकं राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. आणि या दोन्हींत न बसणारे, पण गावाच्या दृष्टीने मोलाचे वाडे, बाजार, देवळं, शाळा यांच्यासाठी तिसरी पातळी: स्थानिक यादी. ही यादी नगररचनेच्या नियमांतून येते. देशात याची सुरुवात मुंबईने १९९५ साली केली. २०२० च्या डिसेंबरमध्ये मुंबईबाहेरच्या बहुतेक महाराष्ट्राला लागू झालेल्या एकत्रीकृत नियमावलीतही वारसा इमारतींची तरतूद आहे. म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका असो की चाकण नगरपरिषद, "आम्हाला तसा नियमच नाही" असं कोणाला म्हणता येणार नाही.

मुंबईच्या नियमात इमारतींच्या श्रेणी पाडल्या आहेत. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर कुठेही हात लावायचा नाही, लावायचाच तर इमारत बळकट करण्यापुरता, तिचं आयुष्य वाढवण्यापुरता. दुसऱ्या श्रेणीचे दोन भाग. एकात आतले बदल साधारणपणे चालतात, बाहेरच्या बदलांची छाननी होते. दुसऱ्यात त्याच आवारात वाढीव बांधकामही करता येतं, पण ते मूळ इमारतीच्या उंचीशी आणि दर्शनी बाजूशी जुळणारं हवं. तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक. नियमाच्या भाषेत 'बदल' या शब्दात नुसतं पाडणं-वाढवणं येत नाही, गिलावा आणि रंगसुद्धा येतो! हे वाचून मला आधी हसू आलं होतं. आमच्या गाभाऱ्याची भिंत बघितल्यावर हसू गेलं. निर्णय आयुक्तांचा, तो समितीच्या सल्ल्याने घ्यायचा. सल्ला डावलायचा असेल तर अपवाद म्हणून आणि कारणं लेखी नोंदवून. समितीत वास्तुरचनाकार, इतिहासाचे जाणकार असतात तशी स्ट्रक्चरल इंजिनिअरलाही जागा असते. म्हणजे हा काही नुसता इतिहासवाल्यांचा मामला नाही, आपलाही आहे.

आता दुसरी बाजू. "घर माझं, कर मी भरतो, गळतं माझ्या डोक्यावर, आणि रंग कुठला द्यायचा हे समितीला विचारू?" असं एखादा वाडामालक म्हणाला तर मी त्याच्याशी भांडणार नाही. जुन्या भाडेकरूंकडून भाडं येतं ते चहापाण्याइतकं. कडीपाटाचं काम जाणणारा सुतार मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. यादीत नाव आलं म्हणून कोणी घरी पैसे आणून देत नाही. विकासहक्क हस्तांतराची सोय नियमात आहे, पण साध्या माणसाला ती फाईल झेपते का? आणि ऐन आषाढात छप्पर गळत असताना तीन महिन्यांनी होणाऱ्या बैठकीची वाट बघा म्हणणं म्हणजे वाडा पडू द्या म्हणण्यासारखंच आहे. असे वाडे पडतातही. मग जागा आपोआप मोकळी होते आणि सगळे सुस्कारा सोडतात.

म्हणून माझं मत असं आहे की छाननी सगळ्याची सारखी करू नये. फुटलेलं कौल काढून तसंच कौल घालायचं, कुजलेली तुळई काढून त्याच मापाची त्याच लाकडाची घालायची, पडलेला चुन्याचा गिलावा पुन्हा चुन्यातच करायचा, यासाठी समिती कशाला हवी? वॉर्डातल्या इंजिनिअरने येऊन बघावं, फोटो काढावे, आठवड्यात सही करावी. समितीने आपला वेळ एकाच प्रश्नावर घालवावा: हा बदल उद्या नको वाटला तर परत काढता येईल का? लाकडी पार्टिशन काढता येतं. दगडावर मारलेला ऑईल पेंट निघता निघत नाही, आणि सँडब्लास्टिंग करून काढला तर दगडाची कातडीच सोलून निघते. भिंतीत खाचा पाडून ओतलेला आरसीसी बँड काढता येत नाही. अशा ठिकाणी मात्र महिना लागो, दोन महिने लागोत, थांबलंच पाहिजे.

"इंजिनिअरने लिहून दिलंय, इमारत धोकादायक आहे," हे वाक्य तर आपल्याकडे ब्रह्मवाक्य. त्याचंही एक उदाहरण बघा. मुंबईत काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन नावाची इमारत आहे, मूळचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात बिडाच्या लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने मुंबईला आणला आणि इथे जोडला. आपण प्रीफॅब, प्रीफॅब म्हणून आज मिरवतो! १८९६ साली ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले ते इथेच. स्थानिक यादीत ही इमारत दुसऱ्या श्रेणीत आहे. २०१९ साली आयआयटी मुंबईच्या अहवालात ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचं, पाडावी असं म्हटलं गेलं. प्रकरण उच्च न्यायालयापुढे होतं. पुढे संवर्धनातल्या तज्ज्ञांनी तपासणी करून उलट सांगितलं, की दुरुस्ती शक्य आहे. दोन्हीकडे शिकलेलेच लोक! पण एकाने विचारलं "आजच्या कोडमध्ये बसते का?" आणि दुसऱ्याने विचारलं "जशी बांधली आहे तशी कशाने उभी राहील?", तर उत्तरं वेगळी येणारच. आपल्या सिलॅबसमध्ये पहिला प्रश्न चार वर्षं आहे. दुसरा प्रश्न व्हायवालाही कोणी विचारत नाही. चुन्याची घाणी कशी असते, चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन सावकाश कसा घट्ट होतो, हे बिल्डिंग मटेरिअल्सच्या पुस्तकात एका पानात उरकतं आणि पेपरला 'शॉर्ट नोट्स'मध्ये ऑप्शनला टाकतात.

छाननी म्हणजे नुसतं हो किंवा नाही म्हणणं नव्हे, हे मला चाकणच्या संग्रामदुर्गात फिरताना जाणवलं. (आपल्यातले निम्मे जण कंपनीच्या बसमधून त्याच्या जवळून रोज जातात. कधी उतरलाय?) १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी हा एवढासा भुईकोट दोन महिन्यांच्या आसपास लढवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला, बुरूज उडाला आणि मग किल्ला पडला. आता समजा, तटाची दुरुस्ती करायची आहे. तर कुठल्या किल्ल्याची? सुरुंग लागायच्या आधीच्या की नंतरच्या? उडालेला बुरूज नवा, गुळगुळीत बांधून काढला तर किल्ला देखणा दिसेल, पण ज्या गोष्टीसाठी आपण तिथे जातो तीच पुसली जाईल. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत याविषयी एक चांगला नियम आहे. अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबवायची, आणि जे नवीन घालाल ते जुन्याशी जुळावं, पण नवं आहे हे ओळखू यावं. मला विचाराल तर ढासळलेली जागा आणखी ढासळू नये एवढं करून तशीच ठेवावी. तुम्हाला वेगळं वाटेल. वाटू दे की, पण निदान काम सुरू व्हायच्या आधी ही चर्चा कागदावर झालेली असावी.

प्रत्येक वास्तूचं मोल वेगळ्या गोष्टीत असतं, म्हणूनही एकच नियम सगळीकडे चालत नाही. चिंचवडगावात दोन ठिकाणं हाकेच्या अंतरावर आहेत. पवनेला पूर आला की मोरया गोसावी समाधी मंदिरात पाणी शिरतं, पावसाळ्यात पेपरात फोटो बघतोच आपण. पाणी येतं, ओसरतं, दगड वाळतो, पुन्हा सगळं सुरळीत. इथे मोल बांधणीतही आहे. अशा भिंतीला कोणी उद्या टाईल्स चिकटवायचं सुचवलं तर ओल कुठून जाणार, हा प्रश्न आधी यायला हवा. पलीकडे चापेकर बंधूंचा वाडा. त्याचं आता स्मारक झालं आहे. १८९७ साली रँडवर गोळी झाडणाऱ्या भावांचं घर हे तिथलं मोल, तुळईवरचं नक्षीकाम नंतर. तिथे नवं बांधकाम एक वेळ जास्त चालेल, पण ते तिघे जिथे वावरले ती जागा ओळखू आली पाहिजे.

पुण्याच्या भिडेवाड्याबद्दल मात्र माझं मत अजून ठरत नाही. १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली तो वाडा. वर्षानुवर्षं कोर्टात अडकला, मोडकळीस आला आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या भिंतींत ती शाळा भरली त्यातलं थोडं तरी जागेवर ठेवून नवं उभारता आलं नसतं का? की खरंच काही राहिलं नव्हतं? हॉस्टेलच्या गच्चीवर यावरून आमचं रात्री दोनपर्यंत भांडण झालं. एकमत झालं नाही, चहा मात्र दोनदा झाला.

नीट केलं तर काय होतं, तेही सांगतो, नाहीतर लेख नुसता रडका होईल. मुंबईच्या राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. नंतर त्याची रया गेली. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असा तिघांचा करार झाला आणि काम सुरू झालं. २००५ साली या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. बजाज हे नाव आकुर्डीच्या पोरांना काय सांगायचं! मुंबईत जे जमलं ते इथल्या उद्योगांना इथे का जमू नये? शंभर कंपन्यांनी एकेक वाडा, एकेक घाट घेतला तरी... असो, स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत.

आणि हो, यादीत फक्त वाडे-देवळंच कशाला? पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी १९५४ ची. सरकारी क्षेत्रातला औषधांचा हा पहिला कारखाना, हॅमायसिन नावाचं औषध तिथल्याच प्रयोगशाळेत सापडलं. पन्नास वर्षांनी या शहराचा इतिहास लिहायला बसलेला माणूस आधी असे कारखानेच शोधेल. तोवर त्यांचे जुने शेड, जुन्या प्रयोगशाळा उभ्या असतील का? हसू नका, विचार करा.

आता थोडं आपल्या सरांना. दरवर्षी सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आम्ही कॉलेजचं तेच ग्राउंड मोजतो. तेच झाड, तोच बेंचमार्क. मागच्या बॅचचं फील्डबुक मिळालं की निम्मी बॅच ग्राउंडवर फिरकतही नाही, हे सरांनाही माहीत आहे आणि आम्हालाही! त्याऐवजी चिंचवडगावातली, भोसरीतली, चाकणच्या पेठेतली एकेक जुनी वास्तू एकेका गटाला द्या. मालकाची परवानगी घेऊन प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन, भिंतीची जाडी, खांबांची मापं, सगळं मोजून काढायचं. टोटल स्टेशन कपाटात बसून कंटाळलं असेल. त्यातून जी ड्रॉईंग्ज निघतील त्यांची एक प्रत मालकाला, एक महापालिकेला किंवा नगरपरिषदेला द्या. समितीपुढे उद्या प्रस्ताव येईल तेव्हा 'आत्ता काय आहे' हा रकाना कोरा नसेल. मूळ ड्रॉईंगच नसेल तर रिव्हिजन टेबल काढणार कशावर? आणि कॉपी करायची सोय नाही, प्रत्येक गटाचा वाडा वेगळा!

येत्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी चाललोय. देवळामागे एक जुनी धर्मशाळा आहे, पुढे ओसरी, आत तीन खण. तिच्याही जीर्णोद्धाराची मीटिंग होऊन गेली आहे आणि मामांचा फोनही येऊन गेला आहे: "काढतोस ना नकाशा?" मी म्हटलं, "मामा, काढतो, पण या वेळी आधी जुन्याचा. तो पुरा झाल्याशिवाय घण लावायचा नाही." मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याची शाल नाही मिळणार हां!" टेप धरायला दोघं जण लागतील. ब्रँच कुठलीही चालेल. एसटीचं भाडं ज्याचं त्याने काढायचं, जेवण आणि फराळ मामांकडे. आजी खांब मोजायला बसणार आहे.